दसऱ्याआधी त्या घरी जा, वहिनी

वहिनी,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, "पोरगं आता चांगलं खेळतंय. आईबाप म्हणतेत, उचल घेतलेली हाय, दसरा झाला की टोळीसंगं जावंच लागतंय. राहिलेलं औषध आल्यावर बघू." रक्ताचा कॅन्सर झालेल्या त्या लेकराचं मुंबईतलं पहिल्या महिन्याचं औषध संपवून ते घर नेकनूरला परतलंय. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र उघडंच लिहितेय, कारण मांजरसुंब्यापासून केजपर्यंत गावोगाव तुमच्यासारख्या आशाताई आहेत आणि ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारी घरंही आहेत.

त्या लेकराच्या घरच्यांना पहिल्यांदा हे सांगा की यात आईबापाचं काही चुकलेलं नाही. मुलांच्या कॅन्सरचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. पण त्यातले बरेच औषधाला चांगली दाद देतात. जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे 4 लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत शंभरातली 80 हून जास्त बरी होतात, गरीब देशांत 30 सुद्धा नाहीत. 2030 पर्यंत जगभर निदान 60 तरी वाचावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली ठरवलं. मुख्य औषधं दोन्हीकडं बरीचशी तीच. मग मधली पन्नास मुलं जातात कुठं? काहींचा आजार ओळखलाच जात नाही, काही फार उशिरा पोचतात, काही उपचारातल्या जंतुसंसर्गानं दगावतात आणि काहींचे उपचार अर्ध्यात सुटतात.

आता त्या लेकराचं. पहिल्या महिन्यानंतर रोग सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनासा होतो, पण अंगातून गेलेला नसतो. हराळी वरवर खुरपली की रान साफ दिसतं, तसंच हे. म्हणून पुढंही औषध चालू ठेवतात, आणि मेंदूकडं लपलेल्या पेशींसाठी ते पाठीच्या मणक्यातूनही देतात. असे टप्पे करत सगळं मिळून दोन-अडीच वर्षं जातात. शेवटचा मोठा काळ मुख्यतः गोळ्यांचा असतो, तेव्हा मूल घरी राहू शकतं, फक्त रक्त तपासत राहावं लागतं. पण त्या टप्प्यापर्यंत पोचायला हवं. मध्येच सोडलं आणि रोग उलटला, तर दुसऱ्या वेळी तो औषधाला तितकासा जुमानत नाही.

यातलं व्हिंक्रिस्टिन नावाचं इंजेक्शन मूळचं आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेलं. (पाला उकळून पाजू नका म्हणावं, तो विषारी असतो.) या आजारासाठी अशाच जुन्या, माहितीतल्या औषधांची एक पद्धत 1984 पासून मुंबईचं टाटा रुग्णालय, चेन्नई आणि दिल्ली इथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या डॉ. इयान मॅग्रथ यांच्यासोबत राबवली. हजाराहून जास्त रुग्णांचा हिशेब पुढं मांडला गेला. चार वर्षांनंतर शंभरातले 45 ते 60 रोगमुक्त होते. आधीच्या मानानं ही मोठी झेप होती. त्यानंतर उपचार आणखी सुधारले आहेत.

औषधाचा बराच खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निघतो, त्याचे कागद तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक. घर मोडतं ते बाकीच्यानं: गाडीभाडं, मुंबईतली खोली, जेवण आणि बुडालेली मजुरी. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं. आई लेकरापाशी थांबली की अख्खा कोयता बंद आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. म्हणून त्या बापाला बेफिकीर ठरवू नका. टाटातही 2009 च्या सुमारास पाचातलं एक मूल उपचार सोडून जायचं. मग तिथल्या इम्पॅक्ट फाउंडेशननं पैशांची सोय, राहण्याची जागा, समुपदेशन आणि न आलेल्यांना फोन असं सगळं एकत्र बांधलं. हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली आलं. नवं औषध त्यासाठी लागलं नाही. राहायला सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत, 2006 पासून, मूल आणि आईबापांसाठी मोफत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.

आता जी लेकरं अजून कुणाला सापडलेलीच नाहीत, त्यांचं. 2020 च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात देशात नोंदणी असलेल्या भागांत कॅन्सरचं सर्वांत कमी प्रमाण आपल्या उस्मानाबाद-बीडचं निघालं: लाखामागं पुरुष 39.5, बाया 49.4. आजार खरंच कमी असेलही. पण मुलांच्या बाबतीत मला या आकड्याचा आनंद होत नाही. फडावरच्या पालात तापानं गेलेलं पोर कुठल्या वहीत येतं?

आपल्या शेजारच्या बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते नुसती नोंद करून थांबले नाहीत, गावोगाव जाऊन लक्षणं सांगत फिरले. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बाया आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात येऊ लागल्या. तुमचं काम याच जातीचं आहे. अंगणवाडीत जाल तेव्हा एवढं बघा: न हटणारा ताप, अंग पांढरं पडणं, विनाकारण निळे डाग, रात्री उठवणारी हाडांची दुखी, पोटात किंवा मानेला गाठ, बुबुळात पांढरी चमक, सकाळी डोकं दुखून उलटी. अशा लेकराला आधी नेकनूरच्या कुटीर रुग्णालयात न्या आणि रक्त तपासल्याशिवाय परत आणू नका. पुढं छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

आणि त्या घरी दसऱ्याआधीच जा. फाईलवरची पुढची तारीख बघा. त्यावरच्या नंबरावर फोन लावून तिथल्या समाजसेवकाशी बापाला बोलू द्या. सरपंचांना घेऊन मुकादमाकडं बसा, या हंगामाची उचल पुढच्या वर्षात वळवायला सांगा. औषध चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना, हे आईकडून पाठ करून घ्या. मुंबईला ज्या दिवशी निघतील, तो दिवस मला कळवा. दादर स्टेशनवर मी उभी राहते.

तुमची,
नणंद