वर पट्टा, खाली पट्टा

मी जिवती तालुक्यातून बातम्या पाठवतो. वनहक्काचे दावे फेटाळल्याची माझी एक बातमी छापून आली, तिचा मथळा मला अजून सोसत नाही. मी लिहिलं होतं, ‘पुराव्याअभावी शेतकऱ्यांचे दावे नामंजूर’. छापलं गेलं, ‘अतिक्रमणधारकांना पट्टे नाहीत’. त्याच पानावर खाली चुनखडीच्या खाणपट्ट्याची बातमी होती. वरच्या पट्ट्यातले अतिक्रमणधारक, खालच्यातले उद्योजक.

तसा पट्टा पेपरात रोजच भेटतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा असतो. ताडोब्यातला वाघ पट्टेदार, आणि त्याला बेशुद्ध करून गळ्यात चढवतात तोही पट्टाच. सिमेंट कारखान्यातल्या अपघाताच्या बातमीत फिरता पट्टा येतो. यातून कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो जमिनीच्या पट्ट्यात.

कोलाम आणि गोंड आदिवासी इथले आधीपासूनचे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं माणिकगडच्या डोंगरात आली, माझे वडील त्यांतलेच. हे तालुक्यात पोरालाही ठाऊक आहे.

पेपर आला त्या दिवशी शेजारचे आबा घडी घेऊन ओसरीवर बसले. “बापू, अतिक्रमणवाले म्हंजे आपणच का?” मी मान हलवली. त्यांनी खालच्या बातमीवर बोट ठेवलं. “आन् ह्यो पट्टा येगळा असतो?”

वेगळाच असतो, हे मी त्यांना समजावत बसलो. खाणपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी खनिज काढायची परवानगी. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर ती मुदत 50 वर्षांची असते. वनहक्काचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. मर्यादा 4 हेक्टरची. नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग कंपनीला आजा-पणजाचा पुरावा मागत्यात का?”

नाही मागत. इथेच माझं डोकं अडकलं, अजून सुटत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं 13 डिसेंबर 2005 ही तारीख धरली. त्याआधीपासून कसत असलेल्या आदिवासीचा दावा धरला जातो, आणि ते योग्यच आहे. इतरांनी मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवायचं. पिढी 25 वर्षांची, म्हणजे थेट 1930 पर्यंत मागे जायचं. दुष्काळात आलेल्या माणसाची 33 वर्षं भरतात. राहिलेली 42 त्यानं कुठून आणायची? आबांनी दगड वेचून वेचून बांध घातला, त्या बांधावर आज माणूस चालतो. ते दगड कुठल्या रकान्यात बसतात? असल्या माणसाला मथळ्यात ‘अतिक्रमणधारक’ म्हणायला एक ओळ पुरते. खाणीला तो शब्द कुणी लावत नाही, कारण तिच्याकडे कागद आहे. आबा कागदच तर मागत होते.

तेलंगणाच्या सीमेवरच्या परमडोली, मुकदमगुड्याकडे हा शब्द आणखी वेगळा वाजतो. 1956 पर्यंत आमचा राजुरा भाग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पलीकडे तेलुगूतही जमिनीचा कागद पट्टाच. त्या गावांवर दोन्ही राज्यांचा दावा, लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं. तेलंगणानं तिथे पट्टे दिल्याची बातमी आली की आमचे मथळे ‘कुरघोडी’ म्हणतात. मलाही राग यायचा. मग तिथल्या बंजारा तांड्यावरचे एक काका म्हणाले, “राग कशाचा? तिकडं आमी आदिवासी, इकडं विमुक्त.” खरंच आहे. 1976 च्या कायद्यानं तेलंगणाकडचे लंबाडा अनुसूचित जमातीत आले, महाराष्ट्रातले बंजारा नाहीत. माणूस तोच, तांडा तोच, पण सीमेच्या या बाजूला त्याला 1930 गाठावं लागतं. मी मराठी माणूस आहे, ही गावं महाराष्ट्राचीच आहेत असंच मानतो. पण त्या काकांच्या हातातल्या कागदाला कुरघोडी म्हणायला आता माझी लेखणी उचलत नाही.

नव्या वार्ताहरांना मी सांगत असतो: नुसतं ‘पट्टा’ लिहू नका. कुणाला, कशासाठी, किती मुदतीचा, विकता येतो की नाही, हे लिहा. ‘मालकी मिळाली’ तर मुळीच लिहू नका, वनहक्कात तशी मालकी नसते. शहरातला डेस्क म्हणतो, मथळ्यात एवढं मावत नाही. मावत नसेल तर दोन ओळींचा करा. चोरीच्या बातमीला करताच की.

आणि तरीही वनहक्काच्या वाटपाचा कार्यक्रम झाला की माझ्या बातमीची पहिली ओळ ‘पट्टे मिळाले’ अशीच असते. ज्यांना मिळाले त्यांना पेपरात तोच शब्द बघायचा असतो. त्या दिवशी मी खुलासे खाली ढकलतो, आणि डेस्कनं ते कापले तरी फोन करत नाही. आबांचं नाव अजून एकाही यादीत आलेलं नाही.