आजीची बरणी आणि नानांच्या 140 गोळ्या

इथे कुणी सिंहपुरीतल्या वाड्यांवर लिहितं, कुणी कार्तिक मेळ्यावर, कुणी गोपाळ मंदिरासमोरच्या दुकानांवर. सगळं वाचते आणि मनात म्हणते, आपणही लिहावं. पण माझी आठवण जरा विचित्र आहे. ती शिशाच्या गोळ्या कुठे ठेवायच्या, याची आहे. हसू नका, पुरतं वाचा.

आमचे आजोबा, म्हणजे नाना, यांची बडनगर रस्त्याला थोडी शेती होती. काळी माती, गहू आणि हरभरा. सोयाबीन तेव्हा आमच्याकडे यायचं होतं. हरभरा घाट्यावर आला की रात्री घोडारोजांचे कळप उतरायचे. नीलगाईला माळव्यात घोडारोज म्हणतात, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. एका रात्रीत अर्धा बिघा साफ. म्हणून नानांकडे पीक रक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. एकनळी, टोपीदार, पणजोबांच्या काळची. तिच्या गोळ्या विकत मिळत नसत. भंगारबाजारातून जुन्या केबलीवरचं शिसं आणायचं आणि सांडशीसारख्या दोन मुठींच्या साच्यात गोळ्या पाडायच्या, अशी जुनी रीत. नाना हे काम शेतावर उघड्यावर करत, घरात कधीच नाही. आणि आम्हा पोरांना बांधाच्या अलीकडे यायची बंदी.

बंदूक बारा बोरची होती. बारा बोर म्हणजे काय, हे नानांनी मला तराजू घेऊन शिकवलं होतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणजे एक गोळी अडतीस ग्रॅमच्या आसपास. नानांच्या साच्यातली थोडी लहान होती, चिंधीत गुंडाळून बसावी म्हणून.

1971 च्या हिवाळ्यात त्यांनी एका बैठकीत 140 गोळ्या पाडल्या. पुढच्याच वर्षी, 1972 ला, वन्यजीवांचा कायदा आला. नाना कायद्याचे पक्के. म्हणाले, "संपलं. आता नुसती दारू ठासायची आणि आवाज करायचा. रोज पळाला म्हणजे झालं." खरं सांगायचं तर त्यांना त्यात सुटल्यासारखंच वाटलं असावं. जनावर मारून आलेले नाना त्या दिवशी जेवत नसत. पण मग त्या 140 गोळ्यांचं काय? शिसं महाग, मेहनत केलेली. टाकवेना. "ठेवू, काय खायला मागतात का?" असं म्हणून त्यांनी त्या माळ्यावर एका बरणीत भरून ठेवल्या. इथेच सगळी गोष्ट फिरली.

बरणी आजीची होती. चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, पाच शेरांची. आजीचं माहेर देवासचं. लग्नात तिच्या आईने लोणच्यासकट दिलेली ती बरणी. नानांना ती माळ्यावर रिकामी दिसली, त्यांनी घेतली. विचारलं नाही. त्या काळी घरातल्या वस्तूबद्दल बायकोला विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

त्याच बरणीत नानांनी आणखी एक गोळी टाकली होती. ती आमच्या घरात महिदपूरची गोळी म्हणून ओळखली जायची. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला क्षिप्रेकाठी होळकरांची आणि इंग्रजांची लढाई झाली, होळकर हरले आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला. तिथल्या एका शेतात नांगरताना पणजोबांना ती मिळाली म्हणत. वाकडीतिकडी, वर पांढरं पुट चढलेलं. दिवाळीच्या साफसफाईला बरणी उघडली की नाना मला दाखवत, "बघ, आपल्या गोळ्यांवरही तशीच साय धरायला लागली. जुन्या होतायत." मला पण वाटे, वा, आपल्या गोळ्या ऐतिहासिक होतायत!

ती साय नव्हती. ते विष होतं.

1976 चा उन्हाळा. मी अकरा वर्षांची. आई सात महिन्यांची गरोदर. आजीने कैरीचं लोणचं घालायला काढलं आणि बरणी कमी पडली. ती माळ्यावर चढवली ती मलाच. आजी म्हणाली, "ती देवासची बरणी काढ, त्यात ह्यांनी काय भंगार भरलंय ते गोणपाटावर ओत." मी ओतलं. बरणीच्या तळाशी पांढरी भुकटी होती. आजीने राखेने घासली, कढत पाण्याने तीनदा धुतली, उन्हात वाळवली, हिंगाची धुरी दिली आणि लोणचं भरलं. तिच्या हिशोबाने याहून स्वच्छ काही असूच शकत नव्हतं. आईला डोहाळे आंबटाचेच. दोन्ही वेळच्या जेवणात ती लोणच्याची फोड मागून घ्यायची.

आठव्या दिवशी आमच्याकडे प्रेसवाले काका आले. नानांचे मित्र. एका छापखान्यात कंपोझिटर होते, आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवलेले. परसात गोणपाटावर गोळ्यांचा ढीग पाहून त्यांनी सहज विचारलं, "ह्या कशात होत्या हो?"

नाना म्हणाले, "बरणीत."

"आणि बरणी कुठे आहे?"

आजी आतून म्हणाली, "लोणच्याला घेतली. थांबा, तुम्हाला वाढते."

काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला तो आवाज अजून आठवतो. मग त्यांनी हळू आवाजात नानांना सांगितलं. छापखान्यात नवा पोरगा लागला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात, खिळ्यांना लावलेला हात न धुता तोंडाकडे न्यायचा नाही. शिशावर आंबट वाफ बसली, दमट हवा लागली, की पांढरी भुकटी धरते. रंगवाले जो जुना सफेदा वापरत, तो मुद्दाम असाच करत, शिर्क्याच्या वाफेवर शिसं ठेवून. जुन्या बरणीत वर्षानुवर्षांचं लोणचं मुरलेलं, तिच्या बारीक चिरांत आंबटपणा बसलेला, त्यात चार पावसाळे. आणि आता त्याच चिरांतल्या भुकटीवर कैरी, मीठ, मोहरी. आंबटात शिसं उतरतं, आणि वाईट म्हणजे चव बिघडत नाही, उलट गोडसर लागते. ते अंगात साठून राहतं. पोटातल्या बाळाला तर सगळ्यात वाईट.

नाना उठले. स्वयंपाकघरात गेले, बरणी उचलली, परसात नेली. लोणचं खड्डा खणून पुरलं. आजी दारात उभी राहून ओरडत होती, "अहो, काय करताय?" मग त्यांनी पाट्याचा वरवंटा घेतला आणि बरणी फोडली. पुन्हा कुणी चुकून वापरू नये म्हणून. खापऱ्यासुद्धा पुरल्या.

आजी रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "घेताना विचारलं नाहीत. फोडताना तरी विचारायचं होतं."

नानांना उत्तर आलं नाही. घरात दीड महिना दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. "नानांना सांग, पान वाढलंय." "आजीला सांग, मी शेतावर चाललो." आईला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासलं, लोणचं बंद, दूध वाढवा, बघू म्हणाले. बघू! नाना रोज पहाटे रामघाटावर जाऊन यायचे. कधी देवधर्माचे नव्हते, पण त्या दिवसांत रोज महाकाळाला जायचे. जुलैत माझा भाऊ झाला. सुईणीने "रडला, रडला" म्हटलं तेव्हा नाना ओसरीवर मटकन बसले. भाऊ ठणठणीत निघाला. आता पन्नाशीला आलाय, आणि हे वाचून मला फोन करणार आहे, नक्की.

त्यानंतर नानांनी गोळ्या ठेवण्याचं काम मनावर घेतलं. प्रायश्चित्तच म्हणा. खर्च करायचा नाही, आणि स्वयंपाकघरातली एकही वस्तू घ्यायची नाही, ह्या दोन अटी. मी त्यांची मदतनीस.

पहिल्यांदा कापडी थैली शिवली. पावसाळ्यात थैली दमट झाली, गोळ्या पुन्हा मळकट. मग डालड्याचा रिकामा, टाकून दिलेला डबा. आता शिसं पाण्याच्या अकरापट जड. 140 गोळ्या म्हणजे पाच किलोच्या आसपास, पण जागा म्हणाल तर लोटाभर. डबा अर्धासुद्धा भरला नाही म्हणून मी उत्साहाने उचलला, आणि गंजका तळ सुटून सगळ्या गोळ्या जिन्यावरून ठाण ठाण करत खाली! एक गोळी शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत गेली. आजी तेव्हा हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. नानांनी त्या डब्याला मनातून नमस्कार केला असेल.

पडल्यामुळे दुसरी गोष्ट कळली. शिसं मऊ. गोळीवर गोळी आपटली की खड्डा पडतो, आणि खड्डा पडलेली गोळी सरळ जात नाही. म्हणजे ढिगात ठेवायचीच नाही, प्रत्येकीला आपली जागा हवी.

उपाय पुन्हा प्रेसवाल्या काकांनीच दिला. छापखान्यात खिळे ठेवायच्या लाकडी केसा असतात, उथळ ट्रेसारख्या, आत लहान-लहान घरं पाडलेली. एक कोपरा मोडलेली केस सरपणात जाणार होती, ती त्यांनी आणून दिली. फुकट. नानांनी ती शेतावर ओल्या फडक्याने पुसली, म्हणजे जुन्या खिळ्यांची धूळ उडू नये, आणि उन्हात वाळवली. लाकडातूनही थोडी आंबट वाफ निघतेच, म्हणून प्रत्येक घरात मेणकागद घातला. गोळ्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा नुसता हात लावला. एका घरात चार गोळ्या, एकावर एक नाही. पस्तीस घरं भरली. वर पत्र्याचं झाकण, त्याला कुलूप, आणि आत एक पुठ्ठा: तारीख, किती गोळ्या, कधी मोजल्या. दारू आणि टोप्या ह्यांच्याजवळ नाहीत, त्या वेगळ्या कुलपात. केस शेतावरच्या खोलीत, भिंतीपासून सुटी, खालच्या फळीवर. जड वस्तू उंचावर ठेवायची नाही, हे जिन्याने शिकवलंच होतं. मोजून झालं की साबणाने हात, मगच पाणी. वापरलेलं फडकं घरी आणायचं नाही. महिदपूरची गोळी एका वेगळ्या घरात, होमिओपॅथीच्या रिकाम्या काचेच्या डबीत, बूच घट्ट लावून.

दर दिवाळीला आम्ही मोजायचो. 140. पांढरं काही नाही. पुठ्ठ्यावर माझी सही.

1991 च्या पावसाळ्यात नाना गेले. पुढच्या वर्षी सिंहस्थ, सगळीकडे बंदुकांची तपासणी. वडिलांनी बंदूक ठाण्यात जमा केली, त्यासोबत ती केसही उचलून नेली. वडील घाबरलेले, मेलेल्या माणसाच्या परवान्यावर एवढा माल, कोण काय विचारेल! ठाणेदाराने झाकण उघडलं, पुठ्ठा पाहिला, पंधरा वर्षांच्या पंधरा ओळी. बोटाने घरं मोजली आणि म्हणाला, "बाबूजी, आपके पिताजी तो बैंक में होने चाहिए थे।" पाच मिनिटांत पावती मिळाली. गोळ्या तिथेच राहिल्या, रिकामी केस परत मिळाली.

ती केस माझ्याकडे आहे. नवा कागद लावून मी तिच्यात बटणं आणि रिळं ठेवते. खायची वस्तू नाही, कधीच नाही. नातीलाही सांगून ठेवलंय.

आजी 1998 ला गेली. तिची ट्रंक आवरताना लग्नातल्या शालूखाली एक चिनी मातीचं तपकिरी झाकण सापडलं. देवासच्या बरणीचं. फोडताना ते स्वयंपाकघरातच राहिलं होतं, आणि तिने ते बावीस वर्षं कुणाला दिसू दिलं नाही. झाकणाखाली घडी घातलेली एक चिठ्ठी होती, नानांच्या अक्षरात, तारीख नाही. एकच ओळ: "विचारायला हवं होतं."

म्हणजे बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं तेव्हा, किंवा नंतर कधीतरी, एक निरोप त्यांनी माझ्या हाती न देता स्वतः पोचवला होता.

तुमच्याही माळ्यावर जुन्या बरण्या असतील, मंडळी. लोणचं भरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, ह्यात आधी काय होतं. आणि दुसऱ्याची बरणी घेताना तर नक्कीच विचारा.