मानेची शस्त्रक्रिया आणि विश्रांतीचा हक्क



परदेशी शिकायला निघालेली आपली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, तिकडे आजारी पडलो तर?" २०२२ मध्ये इंग्लंडात समाजशास्त्राचं एम.ए. करत असताना माझ्या मानेची शस्त्रक्रिया झाली. म्हणून सविस्तर उत्तर लिहिते.

सुरुवात डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मुंग्या येण्यापासून झाली. मग दार ढकलताना हातात जोर राहीना. एमआरआयमध्ये सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेल्याचं दिसलं. हे दुखणं बहुतेकांचं औषध आणि व्यायामाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं. माझ्याही बाबतीत आधी तेच करून पाहिलं. पण हाताची ताकद कमी होत चालली, तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

चीर मानेच्या मागून नव्हे, गळ्याच्या पुढून देतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून खराब चकती काढतात, तिच्या जागी छोटा केज बसवतात आणि पुढे ते दोन मणके एकमेकांना जुळतात. आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज बसू शकतो, बहुतेकांचा परत येतो, क्वचित येतही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वस्तीत उभं राहून बोलणं हेच माझं काम. संमतीपत्रावर सही करताना मरणापेक्षा मुकं होण्याची भीती जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हाताची कळ गेली होती, बोटाचा बधिरपणा मात्र अनेक महिने राहिला. आवाज घोगरा झाला होता, तो तीन आठवड्यांत सुटला. घास गिळताना दोन आठवडे त्रास झाला. मिडलँड्समध्ये पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बौद्धांची जुनी वस्ती आहे. त्यांतल्या एका कुटुंबाने मला घरी नेलं आणि पातळ खिचडी खाऊ घातली. भाषा वेगळी, पण भिंतीवर बाबासाहेब तेच.

सूचना साध्या होत्या : रोज चाला, जड उचलू नका, मान नीट वळेपर्यंत गाडी चालवू नका, सिगारेट ओढू नका, कारण तिने हाड जुळायला अडथळा येतो. गळा सुजून श्वास अडला, हातापायांत नवा अशक्तपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर लगेच ९९९ लावा. बैठं काम मी सहा आठवड्यांनी सुरू केलं. हाड पूर्ण जुळायला मात्र अनेक महिने, कधी वर्षही लागतं.

रुग्णालयाने बिल दिलं नाही. पण हे फुकट नव्हतं. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार भरावा लागतो. तेव्हा विद्यार्थ्यांना तो वर्षाला ४७० पौंड होता, २०२४ पासून ७७६ आहे. म्हणून जाणाऱ्यांनो, पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे नाव नोंदवा. तिथे थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही, जीपीच पुढे पाठवतो, आणि रांग लांब असते.

ही व्यवस्था ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ती उभारणारा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन स्वतः लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला होता. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात औषध आणि पगाराचा काही भाग, दोन्ही मिळणं हा कामगाराचा हक्क, हे त्या कायद्याने मान्य केलं.

पण माझ्या आईपर्यंत तो कायदा पोहोचलाच नाही. तिने ठेकेदाराच्या हाताखाली वीस वर्षं डोक्यावर विटांची पाटी वाहिली. ना हजेरीपत्रक, ना विमा. परत आल्यावर तिला तपासायला नेलं. तिच्या मानेचे मणके माझ्यापेक्षा जास्त झिजलेले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आराम करा." बाहेर येऊन आई हसली, "आराम कोणाच्या घरून आणू?"

मला केजने बरं केलं, तसंच सहा आठवड्यांच्या विश्रांतीनेही केलं. ती शिष्यवृत्ती चालू असल्यामुळे मिळाली. आईची मान दुखली तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडाली. ओझं कोणाच्या डोक्यावर आणि आराम कोणाच्या वाट्याला, हे या देशात जात ठरवत आली आहे. म्हणून आरोग्याच्या हक्काची मागणी करताना केवळ दवाखाना मागू नका. आजारपणाची भरपगारी रजाही मागा. आपल्या वस्तीतल्या किती बांधकाम मजुरांची कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली आहे, हे या रविवारी घरोघरी जाऊन विचारा. मी माझ्या वस्तीत सुरुवात केली आहे. पहिला अर्ज आईचा भरला.

जय भीम!