उंच सीट

जुन्नरच्या आमच्या मोहल्ल्यात दारात गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, "कितीला पडली?" दुसरा येतो, "हप्ता किती?" मी "हप्ता नाही" म्हणाले, तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

मी मंचरच्या बाजूला उर्दू शाळेत शिकवते. नारायणगावला एसटी बदलायची, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी स्कूटी काढायची. आणि संध्याकाळी उसाच्या कडेने परतताना बिबट्याची धास्ती. गाडी हवी होती, पण अब्बांना व्याजाचं कर्ज नको होतं. शेवटी शिक्षिकांची भिशी, माझी शिल्लक आणि अम्मीने आपणहून काढून दिलेले सोन्याचे कंगन, यांतून २०२५ च्या जूनमध्ये वापरलेली छोटी एसयूव्ही घेतली.

बिबट्याचं निमित्त झालं; खरं कारण अम्मीचे गुडघे. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती आणि बसक्या गाडीतून उठवत नव्हतं. या गाडीची सीट बरोबर तिच्या कमरेला येते. वाकायचं नाही, चढायचं नाही, नुसतं टेकायचं. घोडेगावला तिची मोठी बहीण अंथरुणाला खिळली होती. दोन वर्षं दोघी फोनवरच बोलत होत्या. मी दर रविवारी अम्मीला न्यायला लागले. पहिल्याच दिवशी खालाने तिचा हात हातात घेतला आणि कंगन कुठे गेले, म्हणून विचारलं. अम्मी म्हणाली, "उसीच में बैठ के आयी मैं."

एसयूव्ही म्हटलं की डोंगर चढणारी जीप डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत ठेवलं की कर कमी लागतो, त्या हिशेबातून या गाड्या घडल्या. २०२१ मध्ये आलेली टाटा पंच ३८२७ मिलिमीटर लांब आणि जमिनीपासून १८७ मिलिमीटर उंच. खड्ड्यांना एवढी उंची पुरते. पण अशा गाड्यांत जोर पुढच्या दोनच चाकांना असतो. खालासाठी तांदूळ आणायला भर पावसात डिंभ्याच्या पुढे गेले, तेव्हा मला हे कळलं. भातखाचराच्या कडेला चाकं जागच्या जागी फिरत राहिली. चार शेतकऱ्यांनी ढकलून बाहेर काढली. एकाने विचारलं, "मॅडम, जीप ना ही?" मी काय सांगणार!

गल्लीत लावायला जागा नाही. लग्नाचा मांडव पडला की लांब नेऊन ठेवावी लागते. मध्यरात्री कुणाला कळा सुरू झाल्या की दार आमचंच वाजतं. त्याला मात्र मी तोटा म्हणत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. वरचा उपकरही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यांच्यामागे जुन्यांचे भावही उतरले. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, तीन महिने थांबायचं होतं."

खाला सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गेली. दोघी बहिणींना अकरा रविवार मिळाले. मी भावाला एवढंच सांगितलं. तो पुन्हा बोलला नाही.

पुढची भिशी माझी आहे. भाऊ म्हणतो, विमा भरायचा आहे, टायर बदलायचे आहेत. मी म्हटलं, आधी अम्मीचे कंगन.