आत किती, बाहेर किती

नांदेडच्या एका शिकवणी वर्गाची शाखा लातुरात निघाली आणि दोन्हीकडचं नेटवर्क माझ्याकडे आलं. नांदेडला तास चालू, त्याच वेळी लातूरच्या पाच हॉलमध्ये पडद्यावर तोच तास, असा बेत होता. पाच हॉलना पाच वेगळे प्रवाह पाठवले असते तर भाड्याची लाइन गुदमरली असती. म्हणून मल्टिकास्ट. नांदेडहून एकच प्रवाह निघतो आणि त्याच्या प्रती होतात त्या लातूरला पोचल्यावर.

हे मला शिकवलं ते नांदेडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांनी. ना नातं, ना गोतं. कॉलेज सुटल्यावर ते मला बसवून घ्यायचे आणि राउटरच्या पोटात काय चाललंय ते दाखवायचे. फी कधी घेतली नाही. चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

स्टीव्ह डिअरिंग यांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. आयपी मल्टिकास्टचा १९८९ चा आराखडा डिअरिंग यांचा. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगोत भरलेल्या, इंटरनेटचे मापदंड ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीचा आवाज इंटरनेटवरून दूरदूरच्या ठिकाणी याच पद्धतीने पोचला. वाटेतल्या राउटरना तेव्हा मल्टिकास्ट कळत नव्हतं, म्हणून मल्टिकास्टचं पॅकेट साध्या पॅकेटच्या रूपात बोगद्यातून न्यावं लागे. राउटरचं काम करणारा संगणक मग खरं नेटवर्क कार्ड असो की बोगदा, दोन्हींना सारखंच धरायचा : एकेक आभासी इंटरफेस, व्हिफ. लिनक्सच्या कर्नेलमध्ये मल्टिकास्टच्या एका तक्त्यात असे ३२ व्हिफ मावतात.

आमचाही नांदेड-लातूर बोगदा असाच होता. पहिल्याच चाचणीला लातूरचे पाचही पडदे काळे. पिंग जात होतं, बोगदा चालू दिसत होता, नांदेडच्या हॉलमध्ये चित्र स्वच्छ होतं. लाइनवाल्यांना फोन करावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी सरांना फोन लावला.

"केबलला हात लावू नको. व्हिफचा तक्ता उघड. आत किती यायलेत, बाहेर किती जायलेत, तेवढं वाचून दाखव."

नांदेडच्या राउटरवर 'आयपी एमआर व्हिफ' ही फाइल उघडली. एका ओळीत एक इंटरफेस : नाव, आत आलेले बाइट, आत आलेली पॅकेट, मग बाहेर गेलेले बाइट आणि पॅकेट. कॅमेऱ्याकडच्या कार्डासमोर आत आलेल्या पॅकेटचा आकडा भराभर चढत होता. बोगद्याच्या ओळीत बाहेरच्या रकान्यात शून्य. पुन्हा पाहिलं, शून्यच.

"आता शेजारची कॅश फाइल. 'राँग'खाली काय आहे?"

तिथेही शून्य होतं. म्हणजे पॅकेट चुकीच्या दारातून येत नव्हती, मार्ग बरोबर होता. सरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "टीटीएल बघ. पाठवणारं सॉफ्टवेअर एकच घालायलंय."

टीटीएल म्हणजे पॅकेटचं आयुष्य. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. प्रत्येक व्हिफला एक उंबरठा असतो आणि पॅकेटचा टीटीएल त्याहून मोठा असेल तरच ते बाहेर पडतं. आमचा उंबरठा एक, पॅकेटचा टीटीएलही एकच. राउटर पॅकेट घेत होता, मोजत होता आणि नियमाप्रमाणे तिथेच टाकून देत होता. प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टीटीएल १६ केला. बोगद्याच्या ओळीतलं शून्य हललं, आणि लातूरहून फोन आला की फळा दिसतोय.

सरांनी दिलेली एवढी एक सवय माझ्या सगळ्या नोकरीला पुरली आहे. अंदाज बांधायच्या आधी यंत्राने स्वतः काय मोजून ठेवलंय ते वाचायचं. लाइनवाल्यांना विनाकारण दोष देणं त्यामुळे टळलं, आणि मुलांचे तासही बुडाले नाहीत. सर आता निवृत्त आहेत. फीचा विषय काढला की अजूनही रागावतात. म्हणून लातूरच्या ऑफिसात नवा मुलगा रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला व्हिफचा तक्ता वाचायला शिकवतो, आणि ही सवय मला कुणाकडून मिळाली तेही सांगतो.