खडूच्या डोंगरावरून

ब्रायटन, 14 मे

प्रिय सुमनताई,


निघताना तुम्ही बजावलं होतंत, "फोटो पाठवू नकोस, पत्र लिही." तर घ्या.

ब्रायटन म्हटल्यावर तुम्हाला सावरकर आणि त्यांची 1909 सालची सागरावरची कविता आठवणार. मलाही आठवली. पण ती म्हणताना इतकी वर्षं मी मनात वाळू धरली होती. इथे वाळू कुठली, सगळा किनारा गोट्यांचा. लाट मागे सरली की सुपातून हरभरे ओतल्यासारखा आवाज येतो. या गोट्या येतात कुठून, ते काल पाहिलं.

काल लेकीने गाडीने पूर्वेकडे नेलं. ककमिअर नावाची छोटी, नागमोडी नदी समुद्राला मिळते आणि तिथून ओळीने सात टेकड्या समुद्रावर येऊन थांबतात. नाव 'सेव्हन सिस्टर्स'. भूगोलाची बाई मी, मला ईशान्येची राज्यं आठवायला हवी होती. आठवल्या मात्र साती आसरा. विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले ते सात दगड. त्याही बहिणी, त्याही पाण्याकाठच्या, आणि त्यांच्याही फार जवळ जायचं नसतं.

पहिली बहीण सर्वांत उंच, 77 मीटर. ती चढले, दुसरी चढले, आणि गुडघ्यांनी हात जोडले. वर मेंढ्यांनी चरून गालिचा केलेलं गवत, आणि मग एकाएकी काहीच नाही. खरवसाची वडी पाडावी तसा डोंगर सरळ कापलेला. दोन टेकड्यांमधला जो खळगा दिसतो ना, ती हिमयुगातली दरी. जमीन गोठलेली होती, पाणी आत मुरेना, म्हणून ते वरून वाहिलं आणि त्याने दऱ्या कोरल्या. पुढे समुद्राने त्या दऱ्याही डोंगरासकट आडव्या चिरल्या. म्हणून कड्याची वरची कड लाटेसारखी वरखाली होते.

कडेपाशी दोन मुलं पाय खाली सोडून फोटो काढत बसली होती. मी जे ओरडले, "मागे व्हा! दोघंही! आत्ताच्या आत्ता!" ते अस्सल मराठीत, आपल्या मैदानावरच्या आवाजात. मुलं मुकाट उठली. लेक शरमली. पण ताई, गवताची ती कड खालून पोकळ असते, आणि तसे फलक जागोजागी लावलेत.

उरलेल्या पाच बहिणी गाडीने टाळून आम्ही बर्लिंग गॅपला गेलो. तिथून लोखंडी जिन्याने खाली उतरता येतं. ओहोटी होती. खाली उभी राहून मान वर केली आणि तीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती समोर आली: सागरी कडा, पायथ्याशी तरंगघर्षित मंच. हरिहरेश्वरच्या सहलीत आपण मुलांना हेच दाखवायचो, पण तिथला खडक काळा. फळ्यावर पांढरं, प्रत्यक्षात काळं, म्हणून मुलं गोंधळायची. इथे आकृती आणि वस्तू एकाच रंगाची. एकाच वस्तूचीही म्हणता येईल, पण त्यावर तुम्ही मला हटकाल, म्हणून जरा थांबते.

हा सगळा डोंगर सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा आहे. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या चकत्या, उथळ नव्हे तर चांगल्या खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या, 8 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. मधूनमधून काळ्या चकमकीच्या ओळी, दुरेघी वहीसारख्या. खडू विरघळून जातो, चकमक उरते आणि घासून गोल होते. ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या गोट्या त्या ह्याच. खडू साचण्याचा तो काळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपत आला आणि त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हा वाहत होता. इथला फळा पांढरा रंगवून झाला, मग आपला काळा रंगवायला घेतला, असं काहीतरी वर्गात सांगितलं असतं मी. तुम्ही स्टाफरूममध्ये "शास्त्रीय नाही" म्हणाला असतात. थॉमस हक्सलेने 1868 मध्ये नॉर्विचच्या कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर अख्खं व्याख्यान दिलं होतं. तुम्हाला तो श्रोतृवर्ग आवडला असता.

पण मी रमले ती पांढरेपणात. एवढ्या पावसावाऱ्यात हा शुभ्र कसा राहतो? तर पडतो म्हणून. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग कोसळतो, आतला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. डोव्हरला बंदराच्या आडोशाने जिथे लाटा पोचत नाहीत, तिथे कड्यावर झाडोरा चढतो आणि तो मळतो. रोज पुसला तरच फळा स्वच्छ, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथे हे पुसणं थांबवायचं नाही असंच ठरलेलं आहे. काठावरची 1878 सालची तटरक्षकांची घरं एकेक करत पाडावी लागली. पलीकडे बेल टाऊट नावाचा जुना दीपस्तंभ आहे, तो तर 1999 मध्ये अख्खा उचलून रुळांवरून 17 मीटर मागे सरकवला. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब असा की, हजारो वर्षं हा किनारा वर्षाला 2 ते 6 सेंटिमीटर मागे हटत होता, गेल्या दीडशे वर्षांत 22 ते 32. पायथ्याचा गोट्यांचा बांध विरळ झाला, म्हणून लाटांना मोकळं रान मिळालं.

आता तुमची हरकत. आठवीच्या त्या पोराने विचारलं होतं, "बाई, फळ्याचा खडू आम्लात फसफसत का नाही?" आणि तुम्ही शहाबादी फरशीचा तुकडा आणि खडू शेजारी ठेवून थेंब टाकून दाखवलात. फरशी फसफसली, खडू ढिम्म. आपला खडू जिप्समचा, नावापुरता खडू. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. माझा जरा अपमानच झाला होता तेव्हा. जन्मभर हातात धरलं ते खोटंच?

तर मला गाडी लागते म्हणून पर्समध्ये लिंबू होतं. खाली पडलेला एक तुकडा घेतला, नखाने थोडा उकरला, वर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले, कान लावला तर आवाजसुद्धा. लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत. ताई, तुमच्याशिवाय हा प्रयोग करताना फार चुकल्यासारखं वाटलं.

किनाऱ्यावरून दगड उचलून न्यायचे नसतात, म्हणून तुमच्यासाठी आणला नाही. पण एक मोठी, सपाट, कोरडी चकमक सापडली, पाटीएवढी काळी. तिच्यावर त्या तुकड्याने लिहून बघितलं. सुरेख उठतं, आपल्या खडूपेक्षा मऊ. सवयीने वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वार टाकला, आणि खाली:

पट 2, हजर 1.

भरती यायला तासभर होता.

तुमची,
वंदना