कडेवर

२०१३ साली मला दिवस गेले, तेव्हा आप्तेष्टांना आनंद झाला नाही असं नाही. पण आनंदाच्या आधी त्यांना काळजी वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. "अगं, पण तू बाळाला उचलणार कशी?" डोहाळजेवणाला आलेल्या बायका ओटी भरता भरता हेच विचारीत. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. पायाला कॅलिपर, हातात कुबडी. वर्गात तास तास उभी राहून ज्ञानेश्वरी शिकवते, तेव्हा बरा कुणाला प्रश्न पडत नाही!

पहिल्या डॉक्टरांनी तर "ठेवायचं आहे ना?" हे मला न विचारता ह्यांना विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि आम्ही दवाखानाच बदलला. (अपंग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीवाचून गर्भपात करणं पुढे २०१६च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. तीव्र अपंगत्वाचा अपवाद तेवढा ठेवला आहे. तो मला खटकतो.) दुसऱ्या डॉक्टरीणबाई शहाण्या. म्हणाल्या, "पोलिओ विषाणूनं होतो, आनुवंशिक नाही. आणि पाय दुबळा म्हणून गर्भाशय दुबळं नसतं. जपायचं ते पडण्याला."

ते मात्र खरं. सातव्या महिन्यात पायाला सूज आली, कॅलिपरचे पट्टे लागेनात, पोटाबरोबर तोलही पुढे गेला. मोरीपर्यंतची दहा पावलं मी रामनाम घेत चाले. तपासणीचं टेबल इतकं उंच, की दर खेपेला दोन आया मला धान्याच्या पोत्यासारखं वर चढवीत.

२०१४च्या फेब्रुवारीत लेक झाली. २७ मार्चला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा ती थेंब पिऊन स्वस्थ झोपली होती. मी बातमी दोनदा वाचली.

सारा संसार आम्ही जमिनीवर आणला. बाळ गादीवर, मी कॅलिपर काढून शेजारी; बसल्या बसल्या सरकायचं. उभं राहायची वेळ आली की आई जुन्या लुगड्याच्या झोळीत तिला माझ्या छातीशी बांधून देई.

दहा महिन्यांची झाल्यावर एक नवल ध्यानात आलं. बापाच्या कडेवर ती मासोळीसारखी उसळे. माझ्याकडे आली, की गळ्याला घट्ट मिठी, कमरेला पायांचा विळखा, आणि हूं की चूं नाही. आईचा एकच हात मोकळा असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं?

आता ती माझ्या खांद्याला लागते. परवा जिन्यात शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "लहानपणी आई तुला उचलायची तरी कशी गं?"

"उचलायची कुठे?" ती म्हणाली, "मीच धरून बसायचे."